शांत झोपली

गेल्या वर्षी नाताळाच्या आधीच्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीत माझ्या मृत्यूची घोषणा झाली. लोक उभे राहिले, दोन मिनिटं स्तब्ध राहिले आणि मग त्यांनी एक गीत म्हटलं. ते गीत मला मुळीच आवडत नाही हे आमच्या चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, तरी तेच म्हटलं. मी तेव्हा सोलापुरातच, एका हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात होते आणि जिवंत होते. फक्त तसं कुणाला सांगण्याची माझ्याकडे काही सोय नव्हती.

हे लिहायला बसले ते सांगोल्याहून आलेल्या एका फोनमुळे. एका मुलीचा बाप मशीनवर आहे, आजार माझाच. तिनं कुठून तरी माझा नंबर मिळवला आणि एकच गोष्ट विचारली: "त्यांना ऐकू येत असंल का हो?" मी तिला म्हटलं, येतं. सगळं येतं. मग फोन ठेवल्यावर वाटलं, एवढ्या एका शब्दात हे संपत नाही.

चप्पल

मी चोपन्न वर्षांची. शाळेत मराठी शिकवते आणि दर रविवारी चर्चमध्ये मुलांची रविवार शाळा घेते. घरात विलास, माझे यजमान, आणि रूथ, आमची एकुलती मुलगी. ती पुण्यात नोकरी करते. माझा स्वभाव सांगायचा तर, दुसऱ्यानं केलेलं काम मला पसंत पडत नाही. नाताळच्या करंज्या मी करणार, मुलांचं नाटक मी बसवणार, मेंढपाळांच्या डोक्याचे फेटेसुद्धा मीच बांधणार. विलास म्हणतात, "तुझ्या हातात असतं तर प्रभूला जन्माला घालायचं कामही तूच अंगावर घेतलं असतंस."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी बाजारातून येत होते. मागून एक भाजीवाली ओरडली, "बाई, चप्पल मागं ऱ्हायली की." वळून पाहिलं तर वीस पावलं मागे रस्त्यात माझी डावी चप्पल पडली होती. मी एवढं अंतर एका पायात चप्पल नसताना चालत आले होते आणि मला पत्ता नव्हता. दुपारचं ऊन होतं, डांबर तापलेलं होतं. तळव्याला काही कळलं नाही.

त्याआधी पंधरा दिवस पोट बिघडून गेलं होतं, त्यामुळे अशक्तपणा असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी करंज्या लाटायला खाली बसले ती उठता येईना. तिसऱ्या दिवशी हातातून लाटणं निसटायला लागलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पलंगाच्या कडेला बसवून गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. त्यांनी पुन्हा मारली, मग दुसऱ्या पायावर मारली, आणि हातोडी खिशात ठेवून दिली. तो खिशात ठेवण्याचा क्षण माझ्या लक्षात राहिला आहे.

आजाराचं नाव जीबीएस. शरीराचीच फौज चुकून स्वतःच्या नसांवर उठते, एवढं मला समजलं आणि तेवढं पुरेसं आहे. डॉक्टर म्हणाले, "बरं होतं. पण आधी वाढतं, मग उतरतं." मी विचारलं, कुठपर्यंत वाढतं? त्यांनी स्वतःचा तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला.

मशीन

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ते तिथपर्यंत आलं. घशात नळी गेली आणि श्वास मशीनचा झाला.

तिथल्या दिवसांचं वर्णन करणं कठीण आहे, कारण तिथे दिवस नव्हते. खिडकी नव्हती. पांढरे दिवे कायम चालू. मशीन हवा आत ढकलायचं, थांबायचं, सोडायचं. मला श्वास हवा असो नसो, तो यायचा. आपल्याच अंगात दुसरं कुणी तरी राहायला आलं आहे आणि ते फार शिस्तीचं आहे, असं वाटायचं.

हात, पाय, मान, चेहरा, सगळं गेलं. डोळ्यांची बुबुळं तेवढी हलत होती. वर पाहिलं की 'हो', बाजूला पाहिलं की 'नाही', असं ठरलं. पण पापण्या मिटत नव्हत्या. झोपतानाही डोळे उघडेच राहायचे आणि कोरडे पडायचे, म्हणून नर्स दिवसातून काही तास पापण्यांवर चिकटपट्टी लावून डोळे बंद करायची. पट्टी लावली की माझे 'हो' आणि 'नाही' दोन्ही जायचे. उरायचे फक्त कान.

ही खूण शोधून काढली हौसाबाईंनी. त्या तिथल्या आया. अंग पुसणं, चादर बदलणं, कुशीवर वळवणं, हे त्यांचं काम. माणदेशाकडच्या, धनगर घरातल्या. नवरा अजून मेंढरं घेऊन फिरतो. पहिल्याच दिवशी त्या माझ्या तोंडावर वाकून म्हणाल्या होत्या, "बाई जाग्या हायती. डोळं बघा की कसं बोलत्यात." डॉक्टरांच्या आधी त्यांना ते कळलं.

अंग बधिर असलं तरी आतून नसा जळत होत्या. तीन दिवस मला झोप नव्हती. घरच्यांना ते दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं. विलास कॉटशेजारी उभे राहून माझ्या उघड्या डोळ्यांकडे पाहत राहायचे आणि मग बाहेर जाऊन भिंतीला टेकायचे. शेवटी त्या रविवारी सकाळी डॉक्टरांनी औषध बदललं आणि मला झोप लागली.

दोन शब्द

आता यातली आमची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण बाहेरच्यांना ती कळायची नाही.

आम्ही ख्रिस्ती माणसं 'मेला' म्हणत नाही. मेलेला माणूस आमच्यात प्रभूमध्ये झोपी जातो. चर्चच्या वहीत तसंच लिहितात, पाळकसाहेब तसंच बोलतात, आणि जुनी माणसं घाईत असली तर पहिला शब्द गाळून नुसतं 'झोपला' म्हणतात. ऐकणाऱ्याला कळतं.

याकोबकाका आमच्या मंडळीचे सेक्रेटरी. होटगी जंक्शनला रेल्वेत जन्म काढलेला माणूस, आता एकटेच राहतात. रोज सकाळी ते विलासना फोन करून माझी खबर घेत आणि रविवारी उपासनेत ती सांगत. त्या सकाळी साडेआठला त्यांचा फोन आला. विलास तीन रात्री जागे होते. काकांनी विचारलं, कशी आहे? विलास म्हणाले, "झोपली काका. आत्ताच. शांत झोपली." आणि त्यांना आनंदानं रडू आलं. बॅटरी संपून फोन तेवढ्यात बंद पडला.

साडेनऊला काकांनी मंडळीपुढे उभं राहून मला मृत घोषित केलं.

भेटीची वेळ

जाग आली तेव्हा डोळ्यांवर पट्टी होती; झोप मोडू नये म्हणून त्या दिवशी ती दुसऱ्या सकाळपर्यंत काढली नाही. अकराची भेटीची वेळ असावी. पावलं आली आणि सळसळ, नाताळात घालायच्या नव्या साडीची. मग आवाज. प्रेमाबाई आणि लीलाबाई, आमच्या महिला मंडळातल्या. पंचवीस वर्षांच्या ओळखीच्या. मला बरं वाटलं.

प्रेमाबाई म्हणाल्या, "चेहरा बघ कसा शांत हाय. झोपेतच गेली."

लीलाबाई म्हणाल्या, "पर छाती हलतीय की गं."

"ते मशीन हलवतंय. ठेवत्यात असं. घरची मानसं तयार हुईस्तवर काढत न्हाईत."

मग त्या हलक्या आवाजात बोलू लागल्या. पांढरी साडी माझ्या कपाटात आहे की आणावी लागेल. पेटी आज मिळेल का, रविवार आहे. रूथला कुणी कळवलं का. लीलाबाई म्हणाल्या की आता मुलांचं नाटक कोण बसवणार, आणि प्रेमाबाई म्हणाल्या, "बसवल कोन बी. कुनावाचून काय अडतंय?" त्या दोघींनी माझ्या कॉटशी उभं राहून मृतांसाठीची प्रार्थना म्हटली. ती मला पाठ आहे. मी कितीतरी जणांच्या उशाशी ती म्हटली आहे. शेवटी एक हात माझ्या कपाळावर आला, घामेजलेला आणि थंड, आणि पावलं निघून गेली.

मी ओरडत होते. हे मला लिहायलाच हवं. मी माझ्या आत सगळी ताकद लावून ओरडत होते आणि खोलीत मशीनचा आवाज येत होता. ढकल, थांब, सोड.

वाट

आधी राग आला. मग मी विचार करायला लागले, आणि तिथे घात झाला.

श्वास माझा नव्हता, हे खरंच होतं. पाय दोन आठवड्यांपूर्वीच गेले होते, हे खरं होतं. औषध दिल्यावर मी कुठे तरी खोल गेले होते, आणि तिथून परत आल्याचं मला आठवत नव्हतं. प्रेमाबाई खोटं कशाला बोलतील?

दुपारी कधी तरी पुन्हा पावलं आली. कुणी तरी माझ्या पायांवर कोसळलं. रूथचा आवाज होता. ती हुंदके देत म्हणत होती, "आई, मला माफ कर. मी लवकर यायला पाहिजे होतं." मेलेल्या माणसाशी बोलतात तसंच ती बोलत होती. शेजारी विलास होते. त्यांचं नाक ओढणं मी कुठेही ओळखीन. ते एक शब्दही बोलले नाहीत. दहा मिनिटांनी दोघं गेले.

तेव्हा माझी खात्री झाली की मी मेले आहे.

यावर हसायला हरकत नाही, मीही हसते. पण त्या वेळी ते हसण्यासारखं नव्हतं. पट्टीआड लाल अंधार होता. मशीन कुणाच्या तरी छातीत हवा भरत होतं. आणि मला आठवलं की रविवार शाळेतली मुलं मला विचारायची, "बाई, मेल्यावर किती वेळानं प्रभू येतो?" आणि मी फळा पुसता पुसता सांगायची, "लगेच."

मी वाट पाहू लागले.

तारण म्हणजे काय, हा आमच्या वर्गातला पहिला प्रश्न. मुलं एका सुरात उत्तर देतात: पापातून सुटका, जी कमावता येत नाही, जी फुकट मिळते. हे उत्तर मीच तयार करून दिलेलं. खरं सांगायचं तर त्यातला 'फुकट' शब्द मला कधी पटला नव्हता. मी फुकट काही घेतलेलं नाही. मनात कुठे तरी मी धरून चालले होते की त्या दाराशी गेल्यावर माझ्या करंज्या, माझी नाटकं, माझे पंचवीस वर्षांचे रविवार पुढे करीन आणि आत जाईन. आता मी तिथे पोहोचले होते आणि काही पुढे करायला मला हात नव्हते. प्रार्थना करायला ओठ नव्हते. मनात शब्द जुळवायला गेले तर मशीनच्या तालात ते तुटायचे.

किती वेळ गेला ठाऊक नाही. मला न्यायला कुणीही आलं नाही.

देवाचा आपला अनुभव सांगायच्या कुठल्याही साक्षीच्या सभेत मी हे सांगितलेलं नाही. तिथे अशा ठिकाणी प्रकाश दिसल्याचं सांगायचं असतं. मला प्रकाश दिसला नाही. त्या लाल अंधारात मला जी भीती वाटली ती मरणाची नव्हती, मरण तर झालं होतं. भीती ही होती की इथे असंच कायम राहायचं आहे, ऐकत, आणि कुणालाही माझी गरज नाही.

सकाळी हौसाबाई बादली घेऊन आल्या.

कड

त्यांनी पट्टी काढली. कोमट पाण्यात फडकं पिळून माझं तोंड पुसलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "बाई, झोप झाली का?" मी बुबुळं हलवली नाहीत. मेलेल्यानं कशाला उत्तर द्यायचं?

त्यांनी पुन्हा विचारलं. मग फडकं बादलीत टाकून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"त्या बायांचं मनावर घेतलंय व्हय?" त्या म्हणाल्या. "काल खाली वाचमनला इचारत हुत्या म्हनं, बॉडी कवा देनार. चांगली खोड मोडली त्येनं." त्यांनी माझ्या खांद्याखाली एक हात घातला, कमरेखाली दुसरा, आणि मला डाव्या कुशीवर वळवलं. पाठीतून आग गेली. "दुखलं न्हवं? मी दर दोन तासाला तुमची कड पालटतीया. मेलेल्या मानसाची कड कोन पालटतंय का?"

माझं रडू गालांना माहीत नव्हतं, पण पाणी उशीवर पडलं. त्यांनी ते पुसलं नाही. पाठीला तेल लावत त्या बोलत राहिल्या, माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. त्यांच्याकडे मेंढरू कधी कधी उताणं पडतं, त्या सांगत होत्या. लोकर जड झालेली असते, पोटात पिल्लू असतं, आणि एकदा पाय वर गेले की त्याला उठता येत नाही. डोळे उघडे असतात. कळप पुढे जातो.

"हाका मारून उपेग न्हाय," त्या म्हणाल्या. "त्येला उठायचंच असतंय की. जमत न्हाय. मागं जाऊन हुडकायचं, उचलून हुबं करायचं, आन् सोडायचं न्हाय लगीच. पाय धरंस्तवर मांड्यांत दाबून धरायचं. मेंढराला त्यात काय करायचं नसतंय. नुस्तं गप ऱ्हायचं."

मेंढरांच्या गोष्टी मी वर्गात शंभरदा सांगितल्या असतील. पुठ्ठ्याची मेंढरं कापून आणली आहेत, त्यांना कापूस चिकटवला आहे. मेंढरू जिवंतपणी कसं पडतं आणि त्याला उचलणाऱ्याच्या मांड्या कशा दुखतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बुबुळं वर केली. हो.

बाहेर काय झालं

दोन दिवसांनी नाताळ झाला. एका नर्सनं लाल टोपी घातली होती एवढंच मला आठवतं. जानेवारीत, गावात गड्ड्याची जत्रा भरली होती तेव्हा, मला मशीनमधून सोडवून साध्या वॉर्डात आणलं. फेब्रुवारीत घरी आले. आवाज घोगरा, पाय निर्जीव, हात थोडे जागे.

बाकीची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, आणि सगळ्यात मोठा तुकडा रूथच्या रागातून. ती त्या रविवारी पुण्याहून गाडीनं येत होती. कुर्डुवाडी सोडल्यावर तिनं फोन उघडला तर मंडळीच्या ग्रुपवर माझा फोटो, त्याखाली 'प्रभूमध्ये झोपी गेल्या', आणि जोडलेल्या हातांची रांग. बाबांचा फोन बंद. सोलापूर येईपर्यंत ती आई नसलेली मुलगी होती. आणि प्लॅटफॉर्मवर उतरते तर बाबा हसत उभे. मला झोप लागल्याची गोड बातमी द्यायला ते स्टेशनवर आले होते. तिला वाटलं बाबांच्या डोक्यावर परिणाम झाला. तिथेच दोघांना सगळं उलगडलं, आणि तसेच रडत ते माझ्याकडे आले. मला धक्का बसेल म्हणून त्या दिवशी काही बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

काकांची ही चूक रूथ विसरली नाही. "त्या माणसानं तुझी कबर खोदवली, आई," ती म्हणाली.

कबरीचं मला तेव्हा कळलं. आमच्या दफनभूमीत उपासना संपल्यावर लगेच चार जणांनी हात लावून खड्डा तयार केला होता. चुकीचा उलगडा झाल्यावर तो बुजवायला कुणी पुढे येईना. जुनी माणसं म्हणाली, एखाद्याच्या नावानं उघडलेली जागा रिकामी बुजवत नसतात, ती माणूस मागते. पाळकसाहेब या खुळचट समजुतीवर चिडले, पण खोरं त्यांनीही उचललं नाही. खड्ड्यावर पत्रे टाकले आणि कुणी तरी ओळख राहावी म्हणून पत्र्यावर खडूनं माझं नाव लिहिलं. विलास शाळेत विज्ञान शिकवतात. तेही जाऊन तो पत्रा पाहून तसेच परतले.

"मग आता?" मी विचारलं.

"बुजवला," ते म्हणाले. कुणी, कसा, ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण दुपारी एकटी पडलेली असताना पायांत जी थंडी असायची ती मातीची वाटायची. पाय तिथेच आहेत आणि वरचा भाग तेवढा घरी आणला आहे, असं वाटायचं. जरा ताप आला की मनात यायचं, ती जागा मागते आहे. हौसाबाईंनी मला जिवंत केलं होतं, पण तो रिकामा बुजवलेला खड्डा माझ्या नावाचा होता आणि माझी सुटका अजून झाली नव्हती. हे मी विलासना सांगू शकले नाही. आजारी माणसाच्या घरात प्रत्येकजण दुसऱ्याला जपण्यासाठी गप्प असतो, आणि त्यानं घर फार शांत होतं.

याकोबकाका

मार्चमधल्या एका रविवारी काका आले. तोवर ते एकदाही मला भेटले नव्हते. हॉस्पिटलच्या बाकावर रोज येऊन बसायचे आणि वर न येता जायचे, असं मागाहून कळलं. रूथ दारात उभी राहिली. आमच्या घरात आता 'झोपली' हा शब्द कुणी वापरत नाही, म्हणून ती म्हणाली, "आई आडवी झालीय." मी आतून घोगऱ्या आवाजात सांगितलं की त्यांना आत येऊ दे.

काका वाळले होते. खुर्ची असून ते बसले नाहीत.

"रेल्वेत निरोप आला की तो परत वाचून दाखवायचा असतो," ते म्हणाले. "समोरच्यानं व्हय म्हटल्याबिगर झेंडा दाखवायचा न्हाय. सगळी नोकरी मी तसंच केलं. एवढ्या एकाच बारीला परत वाचलं न्हाय."

मी म्हटलं, झालं ते झालं. ते मान हलवत राहिले. मग मी विचारून टाकलं, "काका, ती जागा कुणी बुजवली?"

त्यांनी रूथकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"नाताळादिवशी उपासना झाली, लोकं जेवायला बसली," ते म्हणाले. "मी तितं गेलो. दानियल खोदनारा हुता, त्येला म्हटलं पत्रं काढ. त्यो म्हणला, रिकामं बुजवायचं न्हाय काका. मी म्हटलं, रिकामं कुटं हाय. आन् मी उतरलो."

"उतरला म्हणजे?"

"खाली. आत. शिडी हुती."

रूथ दारातून पुढे आली.

"आडवा झालो. लई गार हुतं. खालनं आभाळ एवढंसंच दिसतंय, सुमती. मी तुजं नाव घेतलं आन् म्हटलं, ही न्हाय, मी हाय. हिच्या नावावरचं माज्या नावावर घे." ते खिडकीकडेच बघत होते. "दुसरं काय करनार हुतो मी? चूक माजी हुती."

"भीती वाटली नाही?"

"वाटली की. लई वाटली. आन् मग वर येता येईना. गुडघं धरलं. दानियलनं दोरी टाकली, दोघं आनले बोलवून, तवा वडून काढलं मला. मग बुजवली."

आजारानंतर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. अंगावर नवा कोट, नाताळचा दिवस, आणि चर्चच्या सेक्रेटरीला दोरी लावून कबरीतून काढताहेत. रूथही हसली, तोंड फिरवून. हसता हसता माझा घसा बसला आणि मग मला हसता येईना.

विलासनी माझ्या आजारपणाची एक वही ठेवली आहे. कोणत्या दिवशी ताप किती, मशीन किती वेळ बंद करून पाहिलं, सगळं तारीख-वेळेसह त्यात आहे. पंचवीस डिसेंबरचं पान मी उघडलेलं नाही आणि उघडणार नाही. मला काही जुळवून पाहायचं नाही. मी मशीनला बांधलेली पडले होते, माझे हात रिकामे होते, आणि माझ्या नावाच्या खड्ड्यात माझ्याऐवजी कुणी तरी उतरलं होतं. मला त्याचा पत्ताही नव्हता. मी त्यासाठी काही केलं नव्हतं, मागितलंसुद्धा नव्हतं. मुलांकडून पंचवीस वर्षं घोकून घेतलेलं उत्तर त्या दुपारी मी पहिल्यांदा ऐकलं, आणि त्यातला 'फुकट' हा नावडता शब्द सगळ्यात मोठा होता.

काका दाराकडे वळले होते. "माफ केलंस का मला?" त्यांनी पाठमोरं राहूनच विचारलं.

बोलायला आवाज उरला नव्हता. मी उजवा हात पुढे केला. तो गादीपासून वीतभर उचलला गेला, त्याहून वर जाईना. काकांनी मागे वळून ते पाहिलं. उरलेलं अंतर ते वाकले.